सासूबाईंच्या शेअरांवर कव्हर्ड कॉल

सगळा दोष खुर्चीचा, असं भाऊसाहेब आजही म्हणतात. खुर्चीला तोंड नसल्यामुळे तिची बाजू कुणी ऐकलेली नाही.

निवृत्त झाल्यावर माणसाला बसायला काहीतरी हवं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत भाऊसाहेब ज्या खुर्चीत जन्मभर बसले, तिची पाठ शेवटपर्यंत ताठ राहिली आणि त्यांची वाकत गेली. घरातल्या खुर्च्या पाहुण्यांसाठी घेतलेल्या, म्हणजे कुणी फार वेळ टेकू नये अशा बेताने घेतलेल्या. अशात एका दुकानाच्या काचेआड त्यांना ती दिसली. कळ दाबली की पाठ मागे जाते, पाय वर येतात, आणि माणूस ना बसलेला ना झोपलेला, अशा अधांतरी सुखात तरंगत राहतो. भाऊसाहेब तिच्यात एकदा बसून पाहून उठले. उठले म्हणजे शरीराने उठले. मन तिथेच पाय वर करून पडलं.

पण पेन्शन म्हणजे आखूड पांघरूण. डोकं झाकावं तर पाय उघडे. खुर्ची हप्त्याने मिळत होती. हप्ता मात्र कुठे मिळतो ते दुकानदाराला सांगता येईना.

त्याच सुमाराला खालच्या मजल्यावरच्या कॅशियरनी त्यांना जिन्यात गाठलं. हे गृहस्थ बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून निवृत्त झाले होते. त्यामुळे पैशाबद्दल त्यांच्यापाशी ठाम मतं पुष्कळ होती. पैसा बेताचा होता.

"भाऊसाहेब, वहिनींकडे पंख्याच्या कंपनीचे शेअर आहेत ना? नुसतेच पडून?"

"पडून नाहीत. ठेवलेत."

"एकूण एकच. त्यांना कामाला लावा. कव्हर्ड कॉल लिहा."

"म्हणजे?"

कॅशियरनी पिशवी पायरीवर ठेवली. ज्ञान द्यायचं तर हात मोकळे लागतात. "समजा, तुमच्याकडे एक सायकल आहे."

"माझ्याकडे सायकल नाही."

"समजा म्हटलं ना मी! आज तिचा भाव चारशे. मी म्हणतो, महिनाअखेरपर्यंत ती चारशे चाळीसला घ्यायचा हक्क मला द्या, आणि त्याचा विसार म्हणून हे दहा रुपये आत्ताच खिशात घाला. भाव चारशे चाळीसच्या खालीच राहिला तर मी कशाला घेतोय तुमची सायकल? सायकल तुमची, दहा रुपयेही तुमचे. त्या दहा रुपयांना म्हणतात प्रीमियम. पुढच्या महिन्यात परत दहा."

"आणि भाव वर गेला तर?"

"तर चारशे चाळीसला द्यायची. तरी चाळीस सुटलेच की! शिवाय दहा."

"पाचशेच्या वर गेला तर?"

"अहो, पंख्याची कंपनी आहे ती," कॅशियर पिशवी उचलत म्हणाले, "रॉकेटची नव्हे."

आता हे शेअर कुणाचे, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. ते भाऊसाहेबांच्या सासूबाईंचे. सासूबाई त्या कारखान्यात तार गुंडाळायच्या खात्यात होत्या. पंख्याच्या पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, ती त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी हाताने वळली. निवृत्त होताना कंपनीने कामगारांना थोडे थोडे शेअर दिले. सासूबाईंनी ते विकले नाहीत, मोडले नाहीत, आणि जाताना लेकीच्या पदरात घातले. लेकीने ते दोघांच्या नावावर एका खात्यात ठेवले आणि खातं भाऊसाहेबांच्या हाती दिलं, कारण कंप्युटर त्यांना येतो असा घरात समज होता.

हे शेअर बायकोच्या लेखी शेअर नव्हतेच. रोज सकाळी ती भाव विचारायची तो असा: "आज आई कशी आहे?" आणि भाऊसाहेब चष्मा सावरून सांगायचे, "दोन रुपयांनी बरी आहे."

त्या दिवशी त्यांनी चहाच्या वेळी विषय काढला.

"अगं, विकायचे नाहीत. घ्यायचा नुसता हक्क द्यायचा."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे... तो माणूस दिसत नाही."

"न दिसणाऱ्या माणसाला आईचे शेअर घ्यायचा हक्क द्यायचा?"

"घेणार नाही गं तो."

"मग पैसे कशाला देतोय?"

पुढे भाऊसाहेबांनी या धंद्यावरची तीन पुस्तकं वाचली, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की तिन्ही पुस्तकांचं सार या एका प्रश्नात मावत होतं. पण प्रश्न घरात विचारला गेला की त्याची किंमत राहत नाही. ते म्हणाले, "तुला नाही कळायचं."

बायकोने कप खाली ठेवला. "मला एवढंच कळतं, की ते जाऊ नयेत. बाकी काय करायचं ते करा."

"जाणार नाहीत. शब्द देतो."

शब्द द्यायला कुठे काही लागतं? ब्रोकरच्या ऑफिसात मात्र सगळंच लागलं. फोटो लागला, पेन्शनचा दाखला लागला, आणि सही लागली. सही जुळेना. पाणीपुरवठ्याच्या कागदांवर सह्या करून करून भाऊसाहेबांची सही झिजली होती. आरंभीचं अक्षर आणि शेवटचा फराटा एवढेच उरले होते. काउंटरमागच्या बाई म्हणाल्या, "काका, जुन्या सहीसारखी करा." भाऊसाहेबांनी स्वतःच्याच सहीची नक्कल करायचा प्रयत्न केला. बाईंनी ती खोटी ठरवली. पाचव्या वेळी त्या दमल्या आणि सही खरी झाली.

"आता जोखीम घ्यायची तुमची क्षमता. कमी, मध्यम की जास्त?"

"घरी विचारून सांगितलं तर चालेल?"

बाईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि 'मध्यम'वर खूण केली.

पहिला महिना सुखाचा गेला. प्रीमियम जमा झाला, भाव जागचा हलला नाही, महिनाअखेरीला हक्क आपोआप विरून गेला. काही न करता पैसे मिळाले! भाऊसाहेब बायकोला म्हणाले, "बघ." बायको म्हणाली, "बघितलं." दुसऱ्या दिवशी खुर्ची आली.

आली, पण आत येईना. हमालांनी ती आडवी धरली, उभी धरली, तिरकी धरली. सगळा मजला दारात जमला. "पाय मोडा," एकाने सुचवलं. खुर्चीचे की आपले, हे भाऊसाहेबांच्या लगेच लक्षात आलं नाही. शेवटी सुताराला बोलावून दार उतरवावं लागलं. खुर्ची आत गेली, दार परत बसवलं, आणि त्या दिवसापासून ते लागेना. सुतार म्हणाला, "चौकट सरकलीय. दार नवं करा." नव्या दाराचे पैसे खुर्चीच्या हप्त्यात मिळवले, आणि महिन्याचा प्रीमियम यायच्या आधीच उडून गेला. भाऊसाहेब खुर्चीत पडायचे तेव्हा त्यांच्या पायांनी निम्मी खोली अडायची. बायको ते पाय ओलांडून ये-जा करायची, न बोलता. न बोलता ओलांडण्यात ती फार तरबेज होती.

दुसऱ्या महिन्यात भाव घसरला.

"आज आईचं काही बरं दिसत नाही," बायको म्हणाली.

"किरकोळ आहे. उतरेल."

"उतरलाच आहे की."

भाव साडेतीनशेवर येऊन टेकला. प्रीमियमचे दहा रुपये मिळाले होते खरे, पण शेअर पन्नासने खाली आला होता. भाऊसाहेबांनी हे कॅशियरना जिन्यात ऐकवलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मग? कव्हर्ड कॉल म्हणजे पडणाऱ्या भिंतीला टेकू नव्हे हो. भिंत पडली तरी भाडं मिळालं, एवढंच त्यात समाधान."

"हे तुम्ही आधी नाही सांगितलंत."

"तुम्ही सायकलीवर अडून बसलात. भिंतीपर्यंत येऊच दिलं नाहीत."

खरी पंचाईत पुढेच होती. साडेतीनशेच्या शेअरवर चारशे चाळीसचा हक्क कोण घेणार? त्याचा प्रीमियम आता एका चहाएवढासुद्धा येईना. आणि खुर्चीचा हप्ता तर बाजार पाहून ठरत नव्हता. भाऊसाहेबांनी तिथेच थांबायला हवं होतं. पण हप्ता ठरलेला माणूस थांबत नाही. तो पायरी खाली उतरतो. त्यांनी आकडा खाली आणला. तीनशे सत्तर. तीनशे सत्तरला प्रीमियम चांगला भरघोस होता. शेअर तर रोज घसरतोय, वीस रुपये कुठला चढतोय, असं मनाशी म्हणत त्यांनी कळ दाबली. खुर्चीची नव्हे, दुसरी.

आणि त्या वर्षी उन्हाळा लवकर आला.

आला तो असा, की भिंतींना हात लावला तर भिंती हात मागे ओढतील. रस्त्यावर सावली दिसेना, नळाला गार पाणी येईना, माणसं बोलताना वाक्य पुरं करीनात. आणि जो तो पंखे घ्यायला धावला. भाव तीनशे साठ झाला. तीनशे पंच्याहत्तर झाला. चारशे.

"आई उठून बसली!" बायको सकाळी म्हणाली. तिचा चेहरा धुऊन वाळत घातलेल्या कपड्यासारखा स्वच्छ दिसत होता. काम करता करता ती गुणगुणायला लागली. तार गुंडाळताना वेढे मोजायला सासूबाईंच्या खात्यातल्या बायकांनी गाणी रचली होती. एक ओळ म्हणजे अमुक वेढे. त्यांतलंच हे एक:

तांब्याच्या तारेला मी देते वेढ्यावर वेढा,
कुणाच्या गं घरात वारा खेळू दे थोडा.
मोजता मोजता गं जीभ चुकू नये बाई,
वाऱ्याच्या कारखान्यात वाऱ्याला जागा नाही.

"खरंच नव्हता हो पंखा त्यांच्या खात्यात," ती भाऊसाहेबांना म्हणाली. "बारीक तार वाऱ्याने हलते ना. आई घामाने निथळत घरी यायची. अंगाला तांब्याचा वास."

खुर्चीची पाठ पूर्ण मागे गेलेली असताना हे ऐकणं फार अवघड असतं. लगेच उठताही येत नाही. आधी कळ दाबावी लागते, मग पाय हळूहळू खाली येतात, तोवर माणसाने चेहरा कुठे लपवायचा? घरात दोन माणसं, आणि त्यांतलं एक रोज म्हणतंय आई चढू दे, दुसरं मनातल्या मनात म्हणतंय उतरू दे. भाऊसाहेबांनी देव पाण्यात घातले नव्हते, एवढंच. पाणी मात्र तापवून ठेवलं होतं.

अशा वेळी माणूस काय करील सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर गाडी चालवायला शिकवणारे एक मास्तर राहत. ते दोन पंखे घ्यायला निघाल्याचं कळताच भाऊसाहेब चप्पल अडकवून त्यांच्याबरोबर निघाले.

"कशाला घेताय पंखा? वारा अंगावर आला की सांधे धरतात."

"गाडीत दिवसभर शिकाऊ लोक माझे सांधे सैल करतात, भाऊसाहेब. धरले तर बरंच."

दुकानात भाऊसाहेबांनी एकेक पंखा खालून, वरून, बाजूने पाहिला. हा आवाज करतो. तो डुगडुगतो. याची पाती धूळ धरतात. या कंपनीचं तर पूर्वीसारखं राहिलंच नाही. शेवटच्या वाक्याला त्यांची जीभ जरा अडखळली, पण त्यांनी ते पुरं केलं.

दुकानदार बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "काका, पंखा घ्यायला आलात की पंख्यावर सूड उगवायला?"

"मी आपलं सत्य सांगतोय."

"सत्य घरी सांगा. इथे गिऱ्हाईक आहे." आणि त्याने मास्तरांना घसघशीत सूट दिली. दोन पंखे घ्यायला आलेले मास्तर चार घेऊन गेले. त्यांतला एक पिशवी जड झाली म्हणून भाऊसाहेबांनाच जिना चढून आणावा लागला. एवढ्या मोठ्या बाजारात चार पंख्यांनी काय होतंय, हे कुणीही सांगेल. पण त्या दुपारी भाव आणखी दहाने वर गेला, आणि ते चारही पंखे आपल्याच छातीवर गरगरताहेत असं त्यांना वाटलं.

मुदत दोन दिवसांवर आली तेव्हा भाव चारशे सत्तर होता. भाऊसाहेब ब्रोकरच्या ऑफिसात गेले. बाईंनी कंप्युटरचा पडदा पाहून सांगितलं, "दोनच वाटा, काका. तीनशे सत्तरला शेअर देऊन टाका, नाहीतर दिलेला हक्क बाजारातून परत विकत घ्या. शेअरमागे शंभर रुपये पडतील."

"पण मला तर बारा मिळाले होते!"

"हो. बारा तुमचे."

"मी माझं म्हणणं अर्जात लिहून दिलं तर?"

"लिहा की," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर इतका मऊ होता की भाऊसाहेबांना आपलं वय एकदम आठवलं.

मग ते खुर्चीच्या दुकानात गेले. "बसलेली खुर्ची आम्ही परत घेत नाही," दुकानदार म्हणाला. मग बँकेत गेले. तिथे मुदत ठेव होती. मोडली असती तर हक्क परत घेण्यापुरते पैसे निघाले असते. ती मोडायला दोघांच्या सह्या हव्या होत्या. आता पाचवीच काय, पन्नासावी सही केली असती तरी ती एकट्या भाऊसाहेबांचीच राहिली असती.

घरी आले तेव्हा बायको उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. ते खुर्चीत बसले नाहीत. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणून तिच्यासमोर बसले, आणि सगळं सांगितलं. सायकलीपासून सांगितलं.

तिने सुई थांबवली नाही. "म्हणजे आई कितीही चढली, आपल्याला मिळणार तीनशे सत्तर."

"हो."

"आणि शेअर जाणार."

"ठेव मोडली तर नाही जाणार. तू सही केलीस तर..."

"ठेव कशासाठी ठेवलीय?"

"म्हातारपणासाठी."

"मग ते यायचंय वाटतं अजून?" ती म्हणाली. मग सुई थांबली. "अहो, मला एक सांगा. मी रोज विचारत होते, आई कशी आहे. तुम्ही सांगत होतात, बरी आहे, आणखी बरी आहे. तेव्हा मनात तुमच्या काय होतं?"

भाऊसाहेबांपाशी पुष्कळ उत्तरं होती. कॅशियर होते, खुर्ची होती, उन्हाळा होता. ते म्हणाले, "उतरू दे, असं होतं."

तिने दाताने दोरा तोडला. मग ती म्हणाली, "शेअर गेले तर गेले. त्याचं इतकं नाही. माझ्या आईचं वाईट व्हावं म्हणून कुणी माझ्याच घरात वाट बघत बसला होता, त्याचं आहे." आणि सुईत दोरा ओवता येईना म्हणून तिने ती भाऊसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ओवून दिली. तिने घेतली. "ठेव मोडायची नाही," ती म्हणाली.

शेअर गेले. न दिसणारा माणूस आला आणि ठरल्या भावाने घेऊन गेला, न दिसताच. त्यात बेकायदा काही नव्हतं, अन्याय नव्हता. तोटासुद्धा नव्हता म्हणे. कॅशियर जिन्यात भेटले. "शिवाय प्रीमियम! एकूण फायदाच झाला की." भाऊसाहेब म्हणाले, "फायदा फार झाला हो. सोसवत नाही." आणि पुढे बोलायला नको म्हणून स्वतःचं दार मागे टाकून, आपण चौथ्या मजल्यावर राहत असल्यासारखे वर वर चढत गेले.

दुसऱ्या दिवशी बायकोने चांगली साडी नेसली. "चला."

"कुठे?"

"तुमच्या त्या बाईंकडे."

ब्रोकरच्या ऑफिसात ती काउंटरसमोरच्या खुर्चीत बसली. भाऊसाहेब मागे उभे राहिले, कारण दुसरी खुर्ची नव्हती आणि असती तरी ते बसले नसते. तिने सांगितलं, नवं खातं उघडायचं आहे. एकटीच्या नावावर. आलेल्या पैशात आजच्या भावाने पंख्याच्या कंपनीचे जेवढे बसतील तेवढे शेअर. बाईंनी आकडेमोड केली. जिथे पाच होते तिथे आता चारसुद्धा पुरते येईनात.

"कमी येतील, काकू."

"येऊ देत. आईपण शेवटी शेवटी बारीकच झाली होती."

तिची सही पहिल्याच फटक्यात जुळली. जोखमीची क्षमता विचारली, तेव्हा तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जास्त लिहा. लग्न झाल्यापासून घेतेच आहे."

"आणि नॉमिनी? म्हणजे तुमच्यानंतर हे कुणाला द्यायचे?"

इथे ती थांबली. भाऊसाहेब भिंतीवरचा एक कागद वाचायला लागले. त्यावर काय लिहिलं होतं ते त्यांना आजही सांगता येणार नाही. बाई पेन उचलून वाट पाहत राहिल्या. शेवटी बायकोने नाव सांगितलं. भाऊसाहेबांना ते ओळखीचं वाटलं. ऐकून थोडा वेळ गेल्यावर कळलं, ते त्यांचंच होतं.

"नातं?"

"नवरा," ती म्हणाली. "पण ते माझ्यानंतर. तोवर यांनी हात लावायचा नाही, असं कुठे लिहायचं?"

"त्याला रकाना नाही, काकू."

"मग तोंडी सांगते." ती खुर्चीतच वळली. "ऐकलंत ना? मी आहे तोवर नाही."

"ऐकलं," भाऊसाहेब म्हणाले. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी महिनाअखेरीच्या मुदती दिवस दिवस करून मोजल्या होत्या आणि प्रत्येक वेळी ती लवकर संपावी म्हणून झुरले होते. ही नवी मुदत केवढी आहे ते त्यांनी विचारलं नाही. ती संपूच नये, एवढंच मनात आलं, आणि बायको उठताना तिचा गुडघा धरला तेव्हा त्यांनी हात पुढे केला.